मदत हवी आहे: सकाळी पळणारा सर्व्हर संध्याकाळी रांगतो

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारात आमचं औषधांचं होलसेल दुकान आहे. बिलिंगचा डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसवर. सकाळी बिल चुटकीसरशी निघतं, संध्याकाळी सातला त्याच बिलाला ८-९ सेकंद. गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं! रिस्टार्ट केलं की पुन्हा ताजंतवानं.

रॅम वाढवून झाली, उपयोग शून्य (पैसे मात्र गेले). काल पाहिलं तर स्टॉकच्या टेबलात खऱ्या ओळी १२ हजार, मेलेल्या (बदललेल्या-खोडलेल्या ओळींच्या जुन्या प्रती) ९ लाख! ऑटोव्हॅक्यूम (मेलेल्या ओळी आपोआप साफ करणारी सोय) चालू आहे, पण साफ काहीच होत नाही. एक कनेक्शन सकाळपासून 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (व्यवहार उघडा ठेवून नुसतंच बसलेलं) दिसतंय. तेच अडवत असेल ना? असं कनेक्शन ठरावीक वेळाने आपोआप तोडणारा टाइमआउट लावला तर चालू बिल मध्येच तुटेल का? कुणी लावलाय?