फिनाईल कोल्ड्रिंकच्या बाटलीत (बी विंग ग्रुप)

बी-३०४ काकू: काल आमच्याकडे काय होता होता राहिलं, सांगते. नातू आलाय सुट्टीला, साडेतीन वर्षांचा. खाली खेळून आला, तहानलेला. मी दिवा लावत होते. त्याने सिंकखालची बाटली ओढली आणि झाकण फिरवायला लागला. आत लिंबाच्या वासाचं फिनाईल आणि बाटली कोल्ड्रिंकची! सुनेने झडप घालून काढून घेतली. माझे हात अजून थरथरतायत.

बी-१०१: बापरे! बाळ ठीक ना?

बी-३०४ काकू: हो गं, तोंडाला लागली नव्हती. चूक माझीच. रविवारी तो सायकलवर फिनाईलवाला येतो, त्याच्याकडून सुटं घेते. तो असल्याच बाटल्यांत देतो.

बी-२०२: मी पण त्याच्याचकडून घेते. ॲसिडसुद्धा.

बी-४०३: आमच्याकडे लहान कोणी नाही, त्यामुळे आम्ही निवांत.

बी-४०१: आणि तुमचे बाबा? मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय ना त्यांचं? रात्री दोनला तहान लागली तर बाटली निरखून पाणी पितात का?

बी-४०३: हं. हे डोक्यातच आलं नाही.

बी-१०२ आजोबा: आमच्या लहानपणी कोणी काही प्यायलं की मिठाचं पाणी पाजून ओकारी काढत.

बी-३०१ डॉक्टर: आजोबा, नेमकं तेच करायचं नाही. ॲसिड किंवा तुंबलेला पाइप मोकळा करायचा कॉस्टिक सोडा जाताना अन्ननलिका भाजतो, उलटी केली की येताना परत भाजतो. रॉकेल, टर्पेंटाइन असेल तर उलटीबरोबर फुप्फुसात जाण्याची भीती. तोंड पुसा, चूळ भरायला लावा आणि तडक हॉस्पिटल गाठा. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र आहे, चोवीस तास फोन घेतात: १८०० ११६ ११७. सेव्ह करून ठेवा. आणि येताना बाटली घेऊन या! सुट्या मालाचा खरा घोळ इथेच आहे. लेबल नाही, म्हणजे पोटात काय गेलंय हे मलाही कळत नाही, तुम्हालाही नाही.

बी-२०२: मग ओतून टाकू का सगळं?

बी-३०१ डॉक्टर: एकत्र ओतू नका म्हणजे झालं.

बी-४०२: पार्किंगमध्ये लाल ॲक्टिव्हा कोणाची आहे? माझी गाडी निघत नाहीये.

सेक्रेटरी: सर्व सभासदांनी आपापल्या घरी योग्य ती काळजी घ्यावी, ही विनंती.

बी-२०१: सेक्रेटरीसाहेब, जिन्याखाली आपलं स्वतःचं काय पडलंय ते बघितलंत का? मी आत्ता बघून आलो. ॲसिडच्या चार बाटल्या, चारही पाण्याच्या. त्यांना चिकटून टाकी धुवायच्या ब्लीचिंग पावडरचं पोतं, तोंड उघडं. वर मीटरबॉक्स. दाराला कडीसुद्धा नाही आणि पोरं तिथेच लपाछपी खेळतात.

सेक्रेटरी: ते सफाईवाल्या मावशींचं सामान आहे.

बी-२०१: मावशींनी विकत आणलंय का? बिल सोसायटीच्या नावावर आहे.

बी-४०१: ॲसिड आणि ब्लीचिंग शेजारी ठेवलेलं चालतं?

बी-३०१ डॉक्टर: अजिबात नाही. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे जिन्याखालीच साचून राहणार. बाथरूममध्ये ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ म्हणून अशी माणसं माझ्याकडे खोकत आलेली आहेत. तसं झालं तर वरून आणखी काही ओतत बसू नका, बाहेर पडा.

बी-२०१: शिवाय ॲसिडच्या वाफांनी लोखंड गंजतं. मीटरबॉक्सचे स्क्रू बघा, लाल झालेत. घरी सिलिंडरशेजारी ॲसिड ठेवणाऱ्यांनीही ओट्याखाली डोकवा.

बी-१०१: ब्लीचिंग पावडर तशीही उघडी राहिली तर पावसाळ्यात दमट होऊन तिचा जोर जातो. म्हणजे टाकीत आपण खडूची भुकटी घालतोय.

सेक्रेटरी: ठीक आहे. पावडर झाकणाच्या डब्यात घालून गच्चीवरच्या पंपरूममध्ये. ॲसिडच्या बाटल्या बंद, नवीन आणायचं ते कंपनीच्या लेबलसकट, वरच्या फळीवर. खर्च मेंटेनन्समधून.

बी-३०४ काकू: आणि रविवारी फिनाईलवाला आला की मी त्याला सांगते, आमचाच जुना लेबलवाला कॅन भरून दे. नाही म्हणाला तर राहू दे.

बी-१०२ आजोबा: जिन्याखालच्या दाराला माझ्याकडे एक जुनं कुलूप आहे. किल्ली मात्र एकच.

सेक्रेटरी: चालेल काका. कडी बसवायला सकाळी सुतार बोलावतो.

बी-४०२: ॲक्टिव्हा अजून तिथेच आहे.