दोनाच्या चार रॅम केल्या आणि गेम अडकायला लागला. व्होल्टेज वाढवू का?

रंकाळा_एफपीएस
रायझेन ५ ५६००, बी४५० बोर्ड, आरएक्स ६६०० कार्ड. आधी ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, ३२०० स्पीड, सीएल१६ (सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणारे क्लॉक). आता राजारामपुरीतनं आणखी दोन आणून टाकल्या, त्या ३६०० सीएल१८. चारी भरून एक्सएमपी (बायोसमधलं रॅमचं तयार वेगाचं सेटिंग) लावलं की पीसी दोन-तीनदा चालू-बंद होतो आणि मूळ स्पीडवर परत येतो. जीटीए ५ मध्ये सरासरी एफपीएस शंभराच्या वर, पण गाडी पळवली की हिसके बसतात. एका व्हिडिओत रॅमला १.४५ आणि प्रोसेसरला फिक्स १.४ व्होल्ट सांगितलंय. प्रोसेसरचं केलं, रॅमचं बाकी आहे. देऊ का?

तांबडा_पांढरा
थांब भावा, १.४५ ची गडबड करू नको. व्होल्टेज हा त्या स्पीडला टिकायचा आधार असतो. स्पीडच खाली पडलं असेल तर १.४५ देऊन नुसती रॅम तापणार.

टास्क मॅनेजरात परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथं स्पीड बघ. २१३३, २४०० किंवा २६६६ दिसलं तर दुखणं तिथंच आहे. सीपीयू-झेडमध्ये निम्मा आकडा येतो, १६०० म्हणजे ३२००, त्यानं गोंधळू नको. रायझेनचं इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग आणि रॅम जोडणारा रस्ता, ऑटोवर या निम्म्या आकड्याच्या बरोबरीनं चालतं. रॅम २४०० वर आली की फॅब्रिकही १२०० वर उतरतं. सरासरी एफपीएस त्या मानानं तग धरतं, १ टक्का लो (सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा वेग) मात्र कोसळतं, आणि डोळ्याला हिसका म्हणून तेच जाणवतं.

आणि ३६०० सीएल१८ म्हणजे लई फास्ट असं काही नाही. १६ गुणिले २००० भागिले ३२०० करून बघ, १० नॅनोसेकंद. १८ गुणिले २००० भागिले ३६००, तेही १०. त्यामुळं चारी ३२०० वर चालवल्यास तुझं काही बुडत नाही. उलट सिंगल-रँक (स्टिकवर चिपचा एकच गट) असतील तर प्रत्येक चॅनलवर दोन रँक मिळतात, गेमला ते चांगलंच. अडचण एवढीच की चार सिंगल-रँक स्टिकना एएमडीची अधिकृत मर्यादा २९३३ आहे. ३२०० हा वरचा हिशोब.

आता कामाचं. पीसी बंद कर, केबल काढ, चारी स्टिक बाहेर. जुनी जोडी प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसव, एक्सएमपी लाव, पेन ड्राइव्हवरनं मेमटेस्ट८६ चे चार पास होऊ दे. मग नवी जोडी तशीच तपास. दोन्ही एकेकट्या स्वच्छ निघाल्या की मगच चारी भर. एक्सएमपी न लावता हातानं टाक: ३२००, १६-२०-२०-४०, गिअर डाउन मोड चालू, कमांड रेट १टी, रॅम १.३६ व्होल्ट, एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज) १.१०, फॅब्रिक १६००. गिअर डाउन चालू असताना सीएल १७ टाकलंस तरी ते १८ च धरतं, त्या नादाला लागू नको. पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काळी राहून पीसी एक-दोनदा बंद-चालू होईल, ते ट्रेनिंग असतं, बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. मध्येच बटण दाबू नको. पाच मिनिटं झाली तरी काहीच नाही तर सीमॉस क्लिअर कर, म्हणजे बायोसची सेटिंग मूळावर आण.

कट्ट्यावरचा
रॅमचं वरच्यानं सांगितलंय. प्रोसेसरचं ते १.४ आधी ऑटोवर आण. फिक्स व्होल्टेज दिलं की काही बोर्डवर प्रोसेसर ओसी (ओव्हरक्लॉक) मोडमध्ये जातो, बूस्ट बंद पडतं आणि ४.४ ऐवजी ३.५ गिगाहर्ट्झवर अडकतो. नाही अडकला तरी सगळ्या कोरवर लोड असताना १.४ म्हणजे फुकटचा जाळ. ऑटोवर हलक्या कामात क्षणभर १.४ च्या वर दिसतं ते वेगळं, तेव्हा करंट कमी असतो.

उष्णता कमी करायची तर कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं खाली आणणारं सेटिंग. बायोसमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंग, पीबीओ ॲडव्हान्स्ड, ऑल कोअर, निगेटिव्ह १०. एक अंक साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. एकदम ३० टाकणारे सगळे इथंच फसतात, कारण पीसी पूर्ण लोडवर बंद पडत नाही. ब्राउझर उघडा ठेवून चहाला गेलं की रिस्टार्ट होतं. हलक्या कामात एकटा कोर सगळ्यात वर उडी मारतो आणि तिथंच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून एकेक कोर तपासणारं कोरसायकलर रात्रभर चालव. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगर (हार्डवेअर एररची नोंद) १८ दिसलं तर कर्व्ह जास्त झालाय, दोन-तीन अंक मागं ये. १९ दिसलं तर संशय बहुधा फॅब्रिकवर, कर्व्हला हात लावू नको.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये इफेक्टिव्ह क्लॉक, म्हणजे प्रत्यक्षात मिळणारा वेग, तोही बघ. पूर्ण लोडवर नेहमीचा क्लॉक ४.४ आणि इफेक्टिव्ह ४.२ असेल तर व्होल्टेज कमी पडून क्लॉक ताणला जातोय. तापमान छान दिसतं, गेम मात्र मंदावतो.

लाल_माती
एक गोष्ट दोघांच्याही नजरेतनं सुटली. हिसका सेकंद-दीड सेकंदाचा, आवाजही फाटतो आणि गेमबाहेरही होतो, असं असेल तर एफटीपीएम (प्रोसेसरमधलं सुरक्षेचं मॉड्यूल) तपासा. एएमडीनं हा दोष २०२२ मध्ये मान्य केला, दुरुस्ती एजीसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ पासूनच्या बायोसमध्ये आहे. बायोस टाकण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेव. आणि पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, यूपीएसशिवाय फ्लॅश करू नको.

नव्या गेममध्ये एखादी जागा पहिल्यांदा बघतानाच अडकत असेल आणि परत गेल्यावर नाही, तर तो शेडरचा (कार्डावर चालणारे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम) हिसका. त्याला कुठलंच व्होल्टेज लागू पडत नाही. शिवाय आरएक्स ६६०० फक्त ८ लेनचं (डेटाच्या मार्गांचं) कार्ड आहे आणि बी४५० वर पीसीआयई ३.० मिळतं. टेक्श्चर कार्डाच्या ८ जीबी मेमरीच्या वर गेलं की हिसके जास्तच जाणवतात. टेक्श्चर एक पायरी उतरवून बघ.

मोजल्याशिवाय काही बदलू नको. फ्रेम मोजणारं कॅपफ्रेमएक्स, एकच जागा, ६० सेकंद, तीनदा. एका वेळी एकच सेटिंग.

रंकाळा_एफपीएस
स्पीड २४०० च निघालं. दोन्ही जोड्या एकेकट्या चार पास स्वच्छ. चारी ३२०० वर तुमच्या आकड्यांनी चालू झालं, पण रॅम तपासणाऱ्या टेस्टमेम५ मध्ये वीस मिनिटांनी दोन एरर. आता तरी १.४५?

तांबडा_पांढरा
नाही. १.३८ करून परत लाव, १.४० च्या पुढं जाऊ नको. बाजूचं झाकण काढून, टेबल फॅन लावून एकदा टेस्ट घे. फॅननं एरर गेली तर दोष गरमीचा, मग व्होल्टेज वाढवणं उलटंच पडेल आणि एप्रिलात परत एरर येईल. फॅननंही गेली नाही तर ३००० आणि फॅब्रिक १५००, बाकी आकडे तेच. ३२०० आणि ३००० मधला फरक गेममध्ये डोळ्याला कळणार नाही. २४०० चा कळत होता. एरर असताना मोठ्या फायली कॉपी करू नको, विंडोज खराब होतं. जमलं की आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेव, बायोस अपडेट झालं की सेव्ह केलेलं प्रोफाइल बहुतेक उडतं.