सल्ला पाह्यजे: ५०० च्या आत यूएसबीवाला, प्रोग्राम टाकता येते असा छोटा बोर्ड कोनता घेऊ?

संत्रावाला_वरुड: राजेहो, बागेत माती सुकली का नाही ते दाखवाले एक लाईट बसवाचा हाय. एक सेन्सर, एक एलईडी, बस. वायफाय शेतात पोचत नाही. सेन्सर धरून बजेट ५००. प्रोग्राम पुतण्या लिहीन, तो कॉलेजात आर्डुइनो (असे बोर्ड अन् त्यायचा प्रोग्राम लिहाचं सॉफ्टवेअर) शिकला. लॅपटॉप जुना, विंडोज १०.

वायरमन_वणी: डोळे झाकून ईएसपी३२ (वायफायवाला बोर्ड) घे भाऊ. वायफाय आज नाही तं उद्या लागनच. अपलोडच्या वक्ती 'कनेक्टिंग' वर अटकला तं बूटचं बटन दाबून धराचं.

पिकोप्रेमी: पैशे पाहू नका, पिको डब्ल्यू घ्या. त्याचं बूटसेल बटन दाबून यूएसबी लावली का बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसते, त्यात प्रोग्रामची यूएफ२ फाईल टाकली का झालं. ड्रायव्हरची कटकटच नाही.

नॅनो_दर्यापूर: बोर्ड कोनताही घ्या पन केबल पहिले तपासा. मले दुकानदारानं नुसती चार्जिंगची केबल देल्ली, बोर्डाचा लाईट लागे पन लॅपटॉपले काहीच दिसे नाही, आठवडाभर बोर्डालेच शिव्या देल्या. त्याच केबलनं मोबाईलमधले फोटो लॅपटॉपवर दिसले तं केबल बराबर. अन् स्वस्त नॅनो बोर्डावर यूएसबीसाठी सीएच३४० चिप रायते, त्याचा ड्रायव्हर घरूनच टाकून घ्या.

वायरमन_वणी: लाईट कायले, मोटरच चालू-बंद कर ना. रात्रीच्या लाईनले उठा लागनार नाही.

बोंडअळी_ग्रस्त: थ्री फेजची मोटर त्या निळ्या रिलेवर (बोर्डानं चालनारा बारका स्विच)? कॉन्टॅक्ट चिकटून बसतीन अन् मोटर बंदच होनार नाही. मधात कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा मोठा स्विच) पाह्यजेच.

संत्रावाला_वरुड: मोटर नाही म्हटलं ना बावा.

पुसदकर: केबल डेटावाली घ्या.

बोंडअळी_ग्रस्त: सेन्सर दोन दांड्यांचा घेऊ नका, माह्यावाला एका पावसाळ्यात गंजून खल्लास झाला. कपॅसिटिव्ह (ज्याच्या धातूले माती लागत नाही तो) घ्या. त्याच्या वरच्या भागातले पार्ट उघडे रायते, त्यावर नेलपॉलिशचे दोन हात मारा अन् सेन्सरवर जी रेघ रायते तिच्या वर मातीत दाबू नका.

संत्रावाला_वरुड: सगळ्यायचं वाचलं. मी डिजिस्पार्क नावाचा बारका बोर्ड मागवला, कपॅसिटिव्ह सेन्सर धरून बजेटात बसला. सरळ लॅपटॉपात घुसते, केबलच नाही.

पिकोप्रेमी: काहून? प्रोग्रामले जेमतेम ६ केबी जागा हाय त्यात!

संत्रावाला_वरुड: एका लाईटले किती जागा लागते भाऊ.

नॅनो_दर्यापूर: घेतलाच हाय तं ऐका. त्याचा ड्रायव्हर येगळा टाका लागते. पोर्टच्या यादीत तो दिसत नाही, घाबरू नका. पहिले अपलोड दाबाचं, 'प्लग इन' असं आलं का मंगच बोर्ड लावाचा, ६० सेकंदाच्या आत. सेन्सरची वायर पी-२ पिनवर लावा, पी-३ अन् पी-४ यूएसबीच्या हायेत. कोडात मात्र सेन्सर वाचाले अॅनालॉगरीड १ लिहाचं, २ नाही, तिथंच पोरं फसते. लॅपटॉपच्या निळ्या यूएसबीत ओयखला नाही तं काळ्यात लावा. अन् शेतात पॉवर बँकेवर ठेवसान तं पाहून घ्या, इतक्या कमी करंटवर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होते.