काकांचा नारळ आणि जेम्स रँडी: असलं कुणी बघतं का?

मोटारवाला_वडगाव:

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की मोबाईलवर एकच नाद, चमत्कारवाल्यांची लबाडी पकडणारे जादूगार. इंग्रजी निम्मंच कळतं, पण हात बघायला भाषा कशाला लागते?

सुरुवात जेम्स रँडीपासून झाली. १९७३ साली अमेरिकेत जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात युरी गेलर आला होता, मनाच्या जोरावर चमचे वाकवणारा. कार्सन स्वतःही पूर्वी जादूचे खेळ करायचा. त्याच्या लोकांनी रँडीला आधीच विचारून ठेवलं, काय काळजी घ्यायची? रँडी म्हणाला, सामान तुमचं ठेवा आणि कार्यक्रमाआधी गेलरला किंवा त्याच्या माणसांना त्या सामानाजवळ फिरकू देऊ नका. बस्स. गेलर वीसेक मिनिटं टेबलासमोर बसलाय, हात फिरवतोय, काहीच होत नाही. शेवटी म्हणतो, आज जोर येत नाही. कुणी त्याला खोटारडा म्हटलं नाही, हेच मला जास्त आवडलं. गिऱ्हाईक 'मोटार आपोआप जळली' म्हणतं तेव्हा मीही वाद घालत नाही, वाइंडिंग उघडून समोर ठेवतो.

आता खरी अडचण. माझे काका खानापूरच्या बाजूला असतात. पंचक्रोशीत पाणाडे म्हणून नाव आहे. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेत चालतात, पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. गेल्या महिन्यात मोटार घेऊन दुकानात आले. "काय बघूलालास रे?" म्हणाले. मी पीटर पॉपॉफचं लावलं. हा धर्मोपदेशक गर्दीतल्या अनोळखी माणसांची नावं, पत्ते, दुखणी घडाघडा सांगायचा, देव सांगतोय म्हणून. १९८६ मध्ये रँडीच्या मंडळींनी रेडिओ स्कॅनर लावला, तर ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्याची बायको त्याच्या कानात बोलत होती! लोकांनी आधी भरून दिलेली कार्डं वाचून. काका इतके हसले की तोंडातली सुपारी खाली पडली. "वायरलेस लावून देव बोलवूलालाय की रे ह्यो!"

मला चेव चढला. दुकानामागे चार ड्रम होते. एकात पाणी भरलं, चारही झाकले, म्हटलं काका, नारळ लावा. तीन वेळा जागा बदलून केलं. एकदा बरोबर, दोनदा चूक. काकांनी नारळ खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "ड्रममधलं पाणी मेलेलं असतंय. मी जित्तं पाणी बघतो." मोटार घेतली आणि गेले. पंधरा दिवस फोन नाही.

माझं काय चुकलं? आणि तो नारळ उभा कसा राहतो? मी डोळ्यांनी बघितलाय.

पत्तेबाज:

नारळ लबाडीने उभा राहत नाही, काकांवर तो आळ घेऊ नका. आडवा नारळ तळहातावर डळमळीतच असतो, मनगट जरा कललं की फिरतो. 'इथे पाणी असणार' असं मनात आलं की हाताचे स्नायू नकळत हलतात, हलवणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. प्लँचेटची वाटी सरकते तीही अशीच. आता जागेचं म्हणाल, तर तुमच्या काकांना चाळीस वर्षांची जमीन पाठ आहे, उंबर कुठे, ओल कुठे. त्यात खानापूरचा पाऊस. कुठेही खोल गेलात तर थोडंफार लागतंच.

चूक तुमची चाचणीत झाली. रँडीने १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात तिथल्या डिक स्मिथ या उद्योजकाबरोबर पाणाड्यांची परीक्षा घेतली. जमिनीखाली दहा पाईप पुरले, एका वेळी एकातूनच पाणी सोडायचं. वाहतं पाणी, ड्रममधलं नव्हे. आणि सुरू करायच्या आधी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं की चाचणी मान्य आहे, किती वेळा बरोबर येईल तेही सांगा. बहुतेकांना वाटत होतं, जवळपास सगळंच बरोबर येईल. त्याच्या आसपासही कुणी पोचलं नाही. तरी नंतर कारणं निघालीच म्हणा, पण निदान 'मेलेलं पाणी' हे कारण उरलं नाही.

शहापूरच्या बाई:

मी हायस्कूलला विज्ञान शिकवायची, आता निवृत्त. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला तेव्हा आमच्या सासूबाई सकाळी सातला तांब्या घेऊन रांगेत! चमच्याची कड मूर्तीला टेकली की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं. ओल्या पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं होतं. मी घरात हळद घालून दाखवलं. सासूबाईंनी बघितलं, "बरं" म्हणाल्या, आणि संध्याकाळी पुन्हा गेल्या.

तुम्हाला कन्नड येत असेलच, चमत्कारांची पोल खोलणाऱ्या हुलिकल नटराज यांचे 'पवाड बयलु' कार्यक्रम बघा. आमच्या मुलांना मी लिंबाचा प्रयोग करून दाखवायची. सुरीला जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवायचा, लिंबू कापलं की लाल रस. मागच्या बाकावरचा एकजण किंचाळायचाच. गंमत अशी की गुपित सांगितल्यावर पोरं जास्त खूश व्हायची, घरी जाऊन आजीला घाबरवायला मिळतं ना! तुम्ही थेट काकांच्या पोटावर गेलात. आधी लिंबू कापायचं.

सडेतोड_निपाणी:

पॉपॉफचं दिवाळं निघालं हे खरं, पण काही वर्षांनी तो पुन्हा टीव्हीवर आला हेही सांगा की. तिकडे रँडीवर फार तर खटले झाले. आपल्याकडे चमत्कारांमागची हातचलाखी दाखवत गावोगाव फिरणाऱ्या दाभोलकरांना २०१३ मध्ये पुण्यात गोळ्या घातल्या. म्हणून मला हे नुसतं मजा म्हणून बघवत नाही.

आणि काका पैसे किती घेतात? बोअरची गाडीवाला फुटावर पैसे घेतो, पाणी लागो न लागो. आधी त्याला ड्रम दाखवा.

मोटारवाला_वडगाव:

सडेतोड, काका नारळ आणि चहा घेतात. नारळ फोडून पोरांना वाटतात. तुमचं दुसरं बोलणं मात्र लागलं. कोरड्या बोअरमध्ये चालवून जळालेल्या मोटारी माझ्याकडेच येतात, माझंही पोट त्यावरच आहे.

बाई, काल लिंबू कापलं. काका आले होते! शेजारच्या तात्यांना मुद्दाम घेऊन आले, "तो वायरलेसवाला देव दाव ह्यास्नी." दोघांनी दोनदा बघितलं. लिंबाला काका म्हणाले, "जास्वंद काय रे?" त्यांना आधीच ठाऊक होतं.

मग मी हळूच पाईपचा विषय काढला. काकांना पटलं. पाच पाईप, वाहतं पाणी, दहा वेळा, त्यातले आठ बरोबर, असं त्यांनी स्वतः वहीत लिहून सही केली. त्यांची एकच अट, "नारळ माझा." रँडीच्या हिशेबाने नारळ त्यांचा चालत नाही. गणपत गल्लीतून शेंडीवाले दोन आणून ठेवलेत, अजून सांगितलेलं नाही.