घरच्या ग्रुपवर बारा गुंठे

दादा: बेळगावात टिळकवाडीतलं ते विकायला काढलेलं घर बघून आलो. घर जुनंच हाय, मंगळुरी कौलं, चार खोल्या. खरं जागा बघा गा, बारा गुंठे! फाटकापासून पायरीपर्यंत जाईस्तोवर चप्पल लाल मातीनं भरली.

धाकटा: बारा गुंठे म्हणजे १३,०६८ चौरस फूट. दादा, चुकून गावचं शेत बघून आलास काय?

दादा: मागं दोन फणस, तीन आंबे, एक विहीर.

आई: विहीर उन्हाळ्यात आटते काय?

वैनी: दोनदा जाऊन आलेत हे. मी म्हटलं, कौलं गळतात काय ते बघितलं? तर म्हणतात, जागा बघ.

काका: किंमत किती सांगितली?

दादा: फोन करतो. ग्रुपवर नको, मावशीकडं हा ग्रुप मोठ्यानं वाचतात.

धाकटा: माझं ऐका. पुढं घर ठेवायचं आणि मागं तीस बाय चाळीसचे प्लॉट पाडून विकायचे. निम्मे पैसे परत.

काका: कागदावर पाडशील रे. आत जायला रस्ता सोडावा लागतो, बुडाची, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाची, नाहीतर कॉर्पोरेशनची मंजुरी लागते. मंजुरीशिवाय तुकडा विकायला गेलास तर त्याचा ई-खाता, म्हणजे कॉर्पोरेशनातली मिळकतीची ऑनलाइन नोंद, होत नाही, आणि ई-खाता नसला तर हल्ली रजिस्टर होत नाही. आणि झाडं? १९७६ चा झाडांचा कायदा हाय, आपल्या परड्यातला फणस तोडायलासुद्धा परवानगी लागते.

दादा: मी तुकडे पाडायला घेत नाही. तिघांची पोरं सुट्टीला आली तर पळायला जागा पाहिजे म्हणून घेतोय.

आक्का: थांबा सगळे. दादा, विकणारे कोण कोण?

दादा: दोघं भाऊ. दोघंही सहीला तयार. संचकार, म्हणजे विसार, द्या म्हणतात, पुढच्या आठवड्यात.

आक्का: बहिणी?

दादा: तिघी हायत. एक हुबळीला, दोघी गोव्यात. त्यांचं लग्नात सगळं देऊन झालंय म्हणाले.

आक्का: लग्नात दिलं म्हणून हक्क जात नाही. वकिलांकडं बसून बारा वर्षं हेच बघते मी. जागा कुणी घेतली होती?

दादा: विकणाऱ्यांच्या आजोबांनी, १९५२ ला. त्यांच्या नावावरचा दस्त दाखवला. मराठीत, हातानं लिहिलेला, मुंबई राज्याच्या वेळचा. आजोबा १९८८ ला गेले, मृत्युपत्र नाही.

आक्का: मग स्वतःच्या कमाईची जागा, मृत्युपत्र नाही, तर १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलींना मुलांइतकाच वाटा. म्हणजे विकणाऱ्यांच्या आत्यासुद्धा आल्या. आत्या नसल्या तर त्यांची मुलं. सगळ्यांची सही, नाहीतर रजिस्टर हक्कसोड. तोंडी 'आम्हाला नको' म्हटलेलं चालत नाही.

दादा: आत्या हायत म्हणे एक, खानापूरला.

आक्का: बघ! दस्त मराठीत आणि खाता कन्नडात, म्हणजे आजोबांचं नाव दोन्हीकडं अक्षराला अक्षर जुळतंय काय तेपण बघ. आणि ई.सी. काढ, म्हणजे जागेवर कर्ज-बोजा, व्यवहार काय झालेत त्याचा दाखला. कावेरीवर, म्हणजे रजिस्ट्रेशन खात्याच्या वेबसाइटवर, २००४ पासूनची मिळेल, त्याआधीची सबरजिस्ट्रारकडं अर्ज करून. १९५२ पासून मागायची, तेरा वर्षांची नको.

काका: आक्काचं ऐक गा. मी २०११ ला बॉण्डवर दोन गुंठे घेतले ते सगळ्यांना म्हाईत हाय. शंभराचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, पेढे. आजसुद्धा उताऱ्यावर जुन्याचंच नाव. बँक दारात उभी करत नाही, घराची परवानगी मिळत नाही. जागा तिथंच हाय, खरं माझी नाही. विकणारा मात्र रस्त्यात भेटला की नमस्कार करतो.

वैनी: काका, त्या दोन गुंठ्यात भेंडी तरी लावा.

काका: लावलीय की.

मामा: रजिस्ट्रीचा खर्च धरलाय काय? एक कोटीला स्टॅम्प पाच टक्के, त्यावर सेस-सरचार्ज मिळून ५.६, आणि रजिस्ट्रेशन फी २०२५ च्या ऑगस्टअखेर एकाची दोन टक्के केली. कोटीमागं साडेसात लाखांच्या वर गेलं.

धाकटा: आणि पन्नास लाखांवर १ टक्का टीडीएस आपणच कापून भरायचा. विसरलास तर नोटीस तुला येते, विकणाऱ्याला नाही.

आई: विहिरीचं कुणी सांगेना.

(दोन दिवसांनी)

दादा: मोजणी झाली. बारा नाही. शेजाऱ्यानं कंपाउंड घालताना चार फूट आत सरकवलंय, एकशे वीस फूट लांब. पावसानं दगडी खांब उघडा पडला म्हणून सर्व्हेयरला दिसला, त्यावर शेवाळ. शेजाऱ्याच्या मोरीचं पाईपसुद्धा आतच सोडलंय. धुणं धुतलं की फेस फणसाच्या बुडात.

धाकटा: ४८० चौरस फूट गेले. अर्ध्या गुंठ्याला थोडं कमी.

काका: किंमत मोजणीवर लाव, दस्तावर नको. पाईप त्यांनी काढल्याशिवाय संचकार देऊ नको.

आक्का: आत्यांशी बोलणं झालं?

दादा: काल खानापूरला जाऊन आलो. ऐंशीच्या पुढच्या हायत. म्हणाल्या, सही देते, खरं ती विहीर बुजवू नका, माझा भाऊ त्यात पोहायला शिकला. मी कबूल केलं. लिहून पाहिजे म्हणाल्या.

आक्का: हुशार बाई. मग हक्कसोड अशी फुकट मागू नको, मोबदल्याचं विचार.

मामा: राकसकोप धरणाचं नळाचं पाणी मे महिन्यात चार-पाच दिवसांनी येतं. विहीर असली तर बरंच की.

आई: मी तेच विचारूलाले पहिल्या दिवसापासून.

दादा: आई, आज बघून आलो. पोहरा सोडला तर वीस फुटांवर पाणी लागलं. पालापाचोळा हाय, वास नाही. रहाटाचं लाकूड कुजलंय.

आई: लोखंडी बसवू नको. आवाज करतो.