पाच दिवसांची सेवा करून आलो, पुन्हा जावं की नको?

मिरज_पूर्व

सगळ्यांना सलाम. मे महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाचे आम्ही अकरा जण जत तालुक्यात, माडग्याळच्या पुढच्या एका वस्तीवर पाच दिवस राहून आलो. ख्रिस्ती घरं सातच. चर्चची इमारत नाही, रविवारची उपासना एका काकांच्या सोप्यात होते. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. मुलांची बायबल शाळा, संध्याकाळी गाणी आणि घरभेटी असा आमचा बेत होता. येत्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची आहे, म्हणजे सगळ्यांसमोर हा अनुभव सांगायचा आहे, आणि काय बोलावं तेच सुचत नाहीये.

पहिल्याच संध्याकाळी एक आजी काठी टेकत आल्या. "मिशनचं लोक आल्यात म्हणून आले. डाक्टर कंचा तुमच्यातला?"

आमच्या भागात मिशन म्हणजे मिरजेचं हॉस्पिटल, वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली काढलेलं. मी लहानपणापासून हे ऐकत आलोय, पण गाडीत गिटार भरताना डोक्यात आलं नाही. आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिवळा पडलेला केसपेपर काढला. थोरला मुलगा तिथंच झालेला. घडीवर कागद फाटला होता, आतून चिकटपट्टी लावलेली. आता दोन्ही डोळ्यांना धुरकट दिसतं म्हणाल्या. आमच्यात एक इंजिनीअर, दोन बँकवाले, बाकी कॉलेजची पोरं. मी म्हटलं, "आजी, आम्ही प्रार्थना करू." त्या म्हणाल्या, "ती मी बी करतीच की."

दुसरी गोष्ट पाण्याची. टँकर चार दिवसांनी एकदा. काकूंनी बॅरलमध्ये बाभळीची काठी उभी ठेवली होती, तिच्यावर चाकूने पाडलेल्या खाचा. एक खाच म्हणजे घराचा एक दिवस. पहिल्या सकाळी आमच्या आंघोळींनी तीन खाचा उतरवल्या. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या रात्री जाग आली तेव्हा काकू आणि त्यांची सून लांबच्या बोअरवरून घागरी घेऊन येत होत्या, आमच्या सकाळसाठी. त्यानंतर आम्ही ओल्या फडक्याने अंग पुसायला लागलो, पण चार दिवसांचं पाणी तोवर संपलं होतं.

एकंदर खर्च साडेअडतीस हजार, त्यातले सतरा हजार नुसते क्रूझरचे. पुढच्या मेमध्येही जायचं म्हणतायत सगळे. जावं का? की पैसे पाठवून गप्प बसावं?

उमदीकर

मी त्याच पट्ट्यातला, नोकरीला सांगलीत. मेमध्ये अकरा माणसं घेऊन कुणी येतं का राव! ऊसतोडीला गेलेली माणसं तेव्हा घरी असतात हे खरं, म्हणून सगळे शिबिरवाले मेच धरतात. पण त्याच दिवसांत टँकर असतो. पाऊस चांगला झाला तर पेरण्या उरकल्यावर, जुलै-ऑगस्टात या. तिघंचौघं या, एसटीनं या. आणि कोंबडं कापलं का तुमच्यासाठी? कापलंच असणार. पाहुण्याला नको म्हणायची पद्धत नाही आमच्यात, म्हणून पाहुण्यानं आधी विचार करावा.

कृष्णाकाठ

स्पष्ट विचारतो, राग नसावा. धर्म वाढवायला गेला होता का?

मिरज_पूर्व

@उमदीकर, दोन कापली. मान खाली घालतो.

@कृष्णाकाठ, राग नाही. त्या घरांत तिसरी पिढी ख्रिस्ती आहे. काकांना जितकी स्तोत्रं पाठ आहेत तितकी मला नाहीत, आणि रात्री टाळ-ढोलकीवर त्यांचं मराठी-कानडी भजन सुरू झालं की आमची गिटार आपोआप पिशवीत जायची. शिकवायला गेलो ते असं: तेविसाव्या स्तोत्रात देव मेंढपाळ आहे आणि त्याची काठी धीर देते, म्हणून मेंढ्यांची चित्रं नेली होती, पांढरीशुभ्र, गुबगुबीत. पोरं हसून लोळायला लागली. "ही मेंढी न्हाई, कापूस हाय!" त्यांची माडग्याळी मेंढी उंच, पोपटनाकी, अंगावर तांबूस ठिपके. मग एका सातवीतल्या पोराने काठी कशासाठी असते ते मला सांगितलं. मारायला नाही, अडवायला. तो तास त्यानेच घेतला असं म्हणा.

निवृत्त_सिस्टर

बाळा, तुझं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी मिरजेलाच नर्सिंग शिकले. वानलेस साहेब १८८९ ला हिंदुस्थानात आले आणि १९२८ ला निवृत्त होऊन गेले. म्हणजे एकोणचाळीस वर्षं. त्यांच्याशी स्वतःचे पाच दिवस मोजत बसू नकोस, ते आमच्यानंही झालं नाही. आम्ही जीपमधून खेड्यांत जायचो तेव्हा एकच गोष्ट पाळायचो, ठरलेला वार. औषधं कमी पडली तर लोक समजून घ्यायचे. वार चुकला की पुढच्या खेपेला निम्मी माणसं.

आजींचं मोतीबिंदूसारखं वाटतंय, पण न तपासता सांगू नये. पुढच्या मेची वाट कशाला बघतोस? त्यांना मिरजेला आण. सिव्हिलला मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. आधार, रेशनकार्ड आणि सोबतीला घरचं एक माणूस लागेल. बीपी-शुगर आधीच तपासून घ्या, नाहीतर आल्या पावली परत पाठवतात. राहायची अडचण असेल तर माझी खोली रिकामी आहे.

मिरज_पूर्व

सिस्टर, काल काकांना फोन केला. आजी आधी नको म्हणाल्या, कुणाला कशाला तरास. मग विचारलं, "मिशनच्या जवळ हाय का ते?" आहे म्हटल्यावर तयार झाल्या. बुधवारी सकाळच्या गाडीने सुनेसोबत येतायत, आम्ही दोघं स्टँडवर जातोय. तो जुना केसपेपरही आणणार आहेत, नको म्हटलं तरी.

सिव्हिलला डोळ्यांची ओपीडी कोणत्या वारी असते, कुणाला नक्की माहीत असेल तर मंगळवारच्या आत लिहा.