'स्टँडऑफ' म्हणजे कुठलीही कोंडी नव्हे

वाक्यविचार

चर्चा अडली की 'स्टँडऑफ', परवानगी अडली की 'स्टँडऑफ', दोन विभागांचं एकमत होईना की तिथेही 'स्टँडऑफ'. मराठीभाषकांच्या इंग्रजी लिखाणात हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो, असं माझं ठाम मत आहे. कारण उघड आहे. आपला 'कोंडी' हा शब्द सगळीकडे चालतो: वाहतुकीची कोंडी, चर्चेची कोंडी, राजकीय कोंडी. मनात कोंडी असते आणि हात इंग्रजीतला सगळ्यात जोरकस वाटणारा शब्द उचलतो.

माझं म्हणणं असं, की समोरासमोर उभे ठाकलेले पक्ष, दोघांच्याही हातात समोरच्याचं नुकसान करायची ताकद आणि पहिलं पाऊल उचलणं इतकं महागात पडणारं की कुणीच ते उचलत नाही, एवढं असेल तरच स्टँडऑफ म्हणावं. ऑक्टोबर १९६१ मध्ये बर्लिनच्या चेकपॉइंट चार्लीवर अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे तोफा रोखून सुमारे सोळा तास एकमेकांसमोर उभे होते. गोळी कुणीच झाडली नाही. शेवटी एक सोव्हिएत रणगाडा थोडा मागे सरकला, मग एक अमेरिकन सरकला, आणि असं करत दोन्ही बाजू निघून गेल्या. हा स्टँडऑफ. यातला ताण न झाडलेल्या गोळीचा आहे.

शब्दाच्या घडणीतही तेच आहे. 'टू स्टँड ऑफ' म्हणजे अंतर राखून राहणं. जहाज किनाऱ्यापासून दूर राहतं तेव्हाही हेच क्रियापद वापरतात. शत्रूच्या हवाई संरक्षणाच्या टप्प्याबाहेरून डागलं जाणारं क्षेपणास्त्र ते 'स्टँडऑफ मिसाइल'. चार हात लांब राहणारा माणूस 'स्टँडऑफिश'.

आता कोरियन युद्ध घ्या. १९५१च्या मध्यापासून आघाडी जवळजवळ जागची हलली नाही, पण २७ जुलै १९५३च्या युद्धविरामापर्यंत माणसं मरतच होती. त्याला 'स्टेलमेट' म्हणतात. लढाई चालू, निकाल नाही. स्टँडऑफमध्ये लढाईच थांबवून धरलेली असते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो आणि तो आपण पुसून टाकतो आहोत.

'द कमिटी इज इन स्टँडऑफ फॉर सिलेक्टिंग द डेट' अशा धर्तीची वाक्यं सर्रास दिसतात. तारीख ठरत नाही, एवढंच सांगायचं आहे ना? मग 'द कमिटी इज डेडलॉक्ड ओव्हर द डेट' लिहा.

अल्पविराम

असहमत. तुमचे निकष नीटनेटके आहेत, पण ते तुमचे आहेत, भाषेचे नाहीत. इंग्रजी शब्दकोशांत या शब्दाखाली 'डेडलॉक' हा अर्थ सरळ दिलेला सापडतो, आणि सामना बरोबरीत सुटणं हाही. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात सीमेवरच्या भिंतीच्या निधीवरून अमेरिकी सरकारचं कामकाज ३५ दिवस अंशतः बंद होतं. तिथे कुणी बंदूक रोखली नव्हती, पण इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला बिनदिक्कत स्टँडऑफ म्हटलं. ज्यांची ती मातृभाषा आहे ते असं लिहितात आणि आपण मात्र अधिक सोवळं पाळायचं?

दुसरं, ताण जर शब्दातच भरलेला असता तर 'टेन्स स्टँडऑफ' ही जोडी इतकी रुळली नसती. विशेषण लावावं लागतं, कारण नुसत्या शब्दात ताण गृहीत नसतो.

आणि ज्या 'स्टेलमेट'चा दाखला तुम्ही दिलात, त्याचंच बघा. बुद्धिबळात ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नसेल आणि एकही वैध चाल उरली नसेल, तर डाव तिथेच अनिर्णित संपतो. तो पुढे चालू होऊच शकत नाही. तरीही इंग्रजीत 'ब्रेक द स्टेलमेट' सगळे म्हणतात आणि कुणाला खटकत नाही. रूपक म्हणून आलेला शब्द मूळ जागेपासून सरकतोच. स्टँडऑफने तेवढं सरकायचं नाही, हा नियम आणला कुठून?

तळटीप

दोघांचं अर्थावरून चाललं आहे, पण वर दिलेल्या समितीच्या वाक्यात खरी पडझड व्याकरणाची आहे. त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

स्टँडऑफ हे मोजता येणारं नाम आहे. 'देअर वॉज स्टँडऑफ' चालणार नाही. 'देअर वॉज अ स्टँडऑफ' हवं. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याकडून ते हमखास गळतं. पक्ष सांगायचे असतील तर 'बिट्वीन' किंवा 'विथ': 'अ स्टँडऑफ बिट्वीन द युनियन अँड द मॅनेजमेंट', 'अ स्टँडऑफ विथ द पोलीस'. वादाचं कारण सांगायचं असेल तर 'ओव्हर': 'अ स्टँडऑफ ओव्हर वेजेस'. 'फॉर' पुढे काळ आला तर ठीक, पण वादाचं कारण आलं की वाक्य घसरतं. अनेकवचन 'स्टँडऑफ्स'. अमेरिकन लिखाणात शब्द सहसा सलग लिहितात, ब्रिटिश लिखाणात मध्ये जोडरेघ दिसते. कुठलंही घ्या, पण एका लेखात एकच ठेवा.

क्रियापद करायचं तर दोन शब्द सुटे. भूतकाळ 'स्टुड ऑफ'. 'दे स्टँडऑफ्ड' असं रूप मी वाचलं आहे. ते कृपया कुणी लिहू नये.

सोबतीची क्रियापदंही ठरलेली असतात. स्टँडऑफ 'एंड' होतो, 'रिझॉल्व्ह' होतो, 'डिफ्यूज' होतो. डेडलॉक आणि इम्पास (पुढची वाट बंद होणं) 'ब्रेक' होतात. वाटाघाटी इम्पासपर्यंत 'रीच' होतात. 'रीच्ड अ स्टँडऑफ' मात्र कानाला लागतं. मला विचाराल तर व्याख्येपेक्षा या जोड्या पाठ केलेल्या बऱ्या. जोडी बरोबर बसली की अर्थ बहुतेक वेळा आपोआप जागेवर येतो.

वाक्यविचार

अल्पविराम, शटडाऊनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अध्यक्ष सही नाकारू शकत होते, प्रतिनिधीगृह पैसा नाकारू शकत होतं. दोघांच्या हातात एकमेकांना दुखवण्याचं साधन होतं आणि आधी नमणारा हरला असं दिसणार होतं. बंदूक हवीच असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ताकद हवी असं म्हटलं. त्याउलट २०१०-११ मध्ये बेल्जियमला पूर्ण अधिकारांचं सरकार बनवायला ५४१ दिवस लागले. किती पक्ष, किती फेऱ्या, किती मध्यस्थ! आकडे जुळत नव्हते, मतं जुळत नव्हती. त्याला 'पोलिटिकल डेडलॉक' म्हणणंच योग्य. दोन्ही ठिकाणी राजकारण अडलेलं आहे, पण अडण्याची जात वेगळी आहे.

'टेन्स'चं म्हणाल, तर 'कडाक्याची थंडी' म्हटल्याने नुसत्या 'थंडी'तला गारवा जात नाही. विशेषण ताणाची मात्रा सांगतं.

शब्दकोशात डेडलॉक दिलेला असतो हे खरं. शब्दकोश जवळचा शब्द देतो. म्हणून दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी कुठेही टाकता येतात असं होत नाही. ज्युरीचं एकमत होत नाही तेव्हा 'द ज्युरी इज डेडलॉक्ड'. तिथे स्टँडऑफ घालून बघा, कुणीही इंग्रजीभाषक दचकेल. संगणकातही दोन प्रक्रिया एकमेकींच्या हातातल्या साधनाची वाट बघत खोळंबतात तो डेडलॉक, कारण तिथे धमकी कुणी कुणाला देत नाही.

रात्रपाळी

मी बातम्यांच्या इंग्रजी कॉपीवर काम करते, म्हणून दोन्ही बाजूंना काही विचारायचं आहे.

वाक्यविचार, तुमचा 'दोघांच्याही हातात ताकद' हा निकष पोलिसांच्या बातम्यांत डळमळतो. एक माणूस घरात स्वतःला कोंडून घेतो, बाहेर पोलिसांचा वेढा. ताकद जवळजवळ एकतर्फी, तरी इंग्रजीत त्याला स्टँडऑफच म्हणतात. १९९३ सालचं टेक्सासमधलं वेको घ्या. २८ फेब्रुवारीला एका धर्मपंथाच्या वस्तीत झडतीसाठी गेलेल्या सरकारी पथकाशी चकमक झाली, दोन्हीकडची माणसं मेली, मग ५१ दिवस वेढा आणि १९ एप्रिलला आगीत शेवट. सुरुवातीला गोळीबार, शेवटी आग, आणि या सगळ्याला मिळून नाव 'वेको स्टँडऑफ'. म्हणजे न झाडलेली गोळी हा तुमचा गाभा इथे फक्त मधल्या भागाला लागू होतो. त्याच घटनेला 'सीज'ही म्हणतात, आणि वेढलेल्यांची बाजू किती दुबळी होती हे दाखवायचं असेल तर मी तोच शब्द निवडेन.

'मेक्सिकन स्टँडऑफ'मध्ये तर बहुतेकदा तिघे एकमेकांवर बंदुका रोखून असतात आणि जो आधी गोळी झाडेल तो तिसऱ्याला मोकळा सापडतो. तेव्हा दोनच पक्ष ही अटही सोडा. (गंभीर लिखाणात हा वाक्प्रयोग मी टाळते. एका देशाचं नाव उगाच त्यात ओढलं जातं.)

पण अल्पविराम, 'सगळे लिहितात' हे मला पुरत नाही. २०१७ साली डोकलामला १६ जून ते २८ ऑगस्ट असे ७३ दिवस भारत आणि चीनचे सैनिक समोरासमोर होते. इंग्रजी बातम्यांत 'स्टँडऑफ' आणि 'फेस-ऑफ' दोन्ही चालले. मला ते एक वाटत नाहीत. फेस-ऑफमध्ये भिडण्याचा भाव जास्त आहे. आइस हॉकीत तर खेळ सुरू करण्याच्या क्षणालाच फेस-ऑफ म्हणतात. स्टँडऑफमध्ये थांबून राहणं आहे, दिवसांमागून दिवस. त्या ७३ दिवसांसाठी स्टँडऑफच नेमका होता. मथळ्यात जागा कमी म्हणून दोन्ही आलटून पालटून टाकले की वाचकाला कळत नाही, धक्काबुक्की झाली की नुसते तंबू ठोकून बसले आहेत. बातमीत हा फरक क्षुल्लक नसतो.

अल्पविराम

रात्रपाळी, वेकोच्या मुद्द्याबद्दल धन्यवाद. निकष मोजून शब्द वापरता येत नाही, हेच मी सांगतो आहे. एकतर्फी ताकद चालते, तिघे चालतात, आधी गोळीबार झालेला चालतो. मग उरलं काय? पक्ष अडून बसलेत आणि कुणी हलत नाही, एवढंच. समितीतही तेच असू शकतं.

माझी खरी काळजी वेगळी आहे. परकी भाषा लिहिताना माणूस आधीच बिचकत लिहितो. त्याला प्रत्येक शब्दाआधी तीन अटी तपासायला लावल्या, तर तो चार सपाट शब्दांत अडकून पडेल. चुकीच्या 'फॉर'पेक्षा ते नुकसान मोठं आहे.

वाक्यविचार

उरलं ते हे: हललो तर काहीतरी फुटेल, ही दोन्ही बाजूंना असलेली जाणीव. वेकोत आतल्यांकडे शस्त्रं होती आणि आत मुलं होती, म्हणून तर बाहेरचे ५१ दिवस थांबले. ताकद समसमान असावी असं मी म्हटलं नव्हतं. दोनऐवजी तीन पक्ष, हे मात्र घेतो.

बिचकण्याबद्दल म्हणाल, तर माझा अनुभव उलटा आहे. दोन शब्दांतला फरक कळला की लिहिणारा धीट होतो.

नवखा_लेखक

मला एक प्रत्यक्ष वाक्य तपासून हवं आहे. रजेच्या नियमावरून टीम आणि मॅनेजर यांच्यात बिनसलं आहे. टीमने जादा काम बंद केलंय, मॅनेजरने रजा मंजूर करणं बंद केलंय. आठवडा झाला, कुणी मागे हटत नाही. मी लिहिलं: 'द टीम अँड द मॅनेजर आर इन स्टँडऑफ अबाउट द लीव्ह पॉलिसी.' हे चालेल का?

तळटीप

'आर इन अ स्टँडऑफ ओव्हर द लीव्ह पॉलिसी'. 'अबाउट'ने अर्थ कळतो, 'ओव्हर'ने वाक्य इंग्रजी वाटतं. जोर हवा असेल तर 'आर लॉक्ड इन अ स्टँडऑफ'.

वाक्यविचार

तळटीपने सुधारलेलं वाक्य अगदी योग्य. जादा काम आणि रजा, दोघांनी एकमेकांची नस धरून ठेवली आहे. नुसती बैठकीत मतं जुळत नसती, तर मी 'डिसअॅग्रीमेंट' सुचवलं असतं.

अल्पविराम

मी बैठकीतल्या त्या प्रसंगालाही स्टँडऑफ म्हणू दिलं असतं, जर दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या असत्या. नवखा, 'अ' मात्र विसरू नका.

रात्रपाळी

आणि हे वाक्य वरिष्ठांना पाठवायच्या मेलमध्ये जाणार असेल तर एकदा थांबा. स्टँडऑफ म्हटलं की दोन्ही बाजू हटून बसल्या आहेत असं तुम्ही लेखी नोंदवता, मॅनेजरसकट. तोडगा हवा असेल तर 'वी हॅव रीच्ड अॅन इम्पास ओव्हर द लीव्ह पॉलिसी' लिहा. त्यात वाट बंद झाल्याचं कळतं, वाट कुणी अडवली ते येत नाही.